समुद्रकिनारी एकटं राहून रोज चित्र काढायचंय? मग निघायच्या आधी हे वाचा

आठ-दहा दिवस सुट्टी टाकायची, कोकणात समुद्राजवळ एकट्यानेच राहायचं आणि रोज स्केचिंग करायचं, हा बेत खूप जणांच्या मनात असतो. बरेच जण जातातही. फक्त होतं काय, की पहिल्या दिवशी उत्साहात पाच पानं भरतात, दुसऱ्या दिवशी दोन, आणि चौथ्या दिवशी वही बॅगेत आणि माणूस खाटेवर मोबाईल घेऊन आडवा. मला विचाराल तर याचं कारण साधं आहे, आज कुठे बसू आणि काय काढू हे रोज नव्याने ठरवायला लागतं आणि त्यातच निम्मा दम जातो. म्हणून सगळ्या लेखात माझं सांगणं एकच आहे, जागा एक धरा, घड्याळातली वेळ एक धरा, आणि बदलायचं काम समुद्राकडे सोपवा. तो ते करतोच, आणि अगदी वेळापत्रकाने करतो, त्याचं गणित खाली दिलंय.

शाळेत एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षा दिल्या होत्या आणि त्यानंतर ब्रशला हात लावला नाही, एवढीच तयारी असली तरी पुरते. त्या परीक्षाही दिल्या नसतील तरी पुरते.

गाव कुठलं?

नुसता लांबलचक समुद्र आणि वर आकाश असं गाव नवख्या माणसाला अवघड जातं, कारण नजरेला धरायला काही नसतं. पाण्यात किंवा पाण्याच्या कडेला एखादी उभी, न हलणारी गोष्ट हवी, किल्ला म्हणा, दीपगृह म्हणा, मोठा खडक म्हणा. मी उदाहरण म्हणून दापोली तालुक्यातलं हर्णै घेते कारण तिथे सगळंच हाताशी आहे. कोकण रेल्वेने खेडला उतरायचं, तिथून दापोली आणि दापोलीहून एसटी. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग, किनाऱ्यावर कनकदुर्गाच्या टेकाडावर दीपगृह, खाली मासेमारीचं बंदर. जवळच आंजर्ल्याची खाडी, आणि दुसऱ्या बाजूला मुरुडची सपाट पुळण, म्हणजे वाळूचा किनारा (दापोलीचं मुरुड, जंजिऱ्याचं नव्हे, बुकिंग करताना हे बघून घ्या, लोक चुकतात). मालवणला सिंधुदुर्ग आहे, देवगडला दीपगृह आहे, तिथेही हेच सगळं लागू पडतं.

सीझन नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हवा कोरडी असते, कागद बरा राहतो आणि सकाळी बसवतं. पावसाळ्यातही एक मजा आहे, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते त्यामुळे होड्या वर ओढून झावळ्यांनी किंवा ताडपत्रीने शाकारून ठेवलेल्या असतात आणि दिवसचे दिवस जागच्या हलत नाहीत, होडी शिकायला याच्यासारखी संधी नाही. पण त्या दिवसांत पाण्याच्या जवळ जायचं नाही, लांबून पडवीतूनच काढायचं, आणि नवीन असाल तर पहिल्या खेपेला पावसाळा नकोच.

राहायला हॉटेलपेक्षा घरगुती सोय बघा. फोनवरच विचारून घ्या, ओटीवर किंवा पडवीत बसायला मिळेल ना, सकाळचा चहा किती वाजता, आणि शनिवार-रविवारी ग्रुप येतात का. सोमवारी पोचायचं आणि पुढच्या मंगळवार-बुधवारी निघायचं असं केलं तर मधला एकच वीकेंड गर्दीचा जातो.

सामान, आणि खाऱ्या हवेचं काय करायचं

जास्त घेऊ नका. एक ए-फाइव्ह साइजची वही, शिवलेल्या बांधणीची. स्पायरलची तार खाऱ्या हवेत गंजते आणि पानाच्या कडेला तपकिरी डाग पडतात. नुसत्या पेन्सिलीसाठी साधा कार्ट्रिज पेपर चालतो, पाणी लावणार असाल तर कागद जाड, २०० जीएसएमच्या (कागदाच्या जाडी-वजनाचं माप) वरचा घ्या, ३०० मिळाला तर उत्तमच. पेन्सिली दोन, २बी आणि तिच्याहून मऊ, गडद ६बी. एक वॉटरप्रूफ शाईचं पेन. जलरंगाची छोटी डबी, कॅमलिनची चालते, महाग काही नको. एक ब्रश, जुन्या सुती साडीचा किंवा धोतराचा फडका, आणि काळ्या बाइंडर क्लिपा चार. या क्लिपा विसरू नका, दुपारी वारा सुटला की पान धरण्यातच एक हात अडकून बसतो.

शार्पनरचं पातं दोन-तीन दिवसांत गंजायला लागतं, म्हणून रात्री गोड्या पाण्याने पुसून खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं. खोबरेल काय कोकणात कुठल्याही घरात मिळेल. वही झिपच्या पिशवीत ठेवायची पण पान ओलं किंवा दमट असताना पिशवी बंद करायची नाही, आत बुरशी धरते. आधी खोलीत पंख्याखाली अर्धा तास उघडी ठेवायची.

आणि हो, समुद्राचं पाणी ब्रशला वापरायचा मोह प्रत्येकाला होतो, ऐकायलाही छान वाटतं की त्याच समुद्राच्या पाण्याने तोच समुद्र रंगवला. नका करू. मीठ कागदात राहतं आणि पुढे दमट दिवसांत हवेतलं पाणी ओढत बसतं, रंग नीट सुकतच नाही. गोड्या पाण्याची छोटी बाटली खांद्याच्या पिशवीत असू द्या.

भरती-ओहोटीचं गणित

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज साधारण पाऊण ते एक तास उशिरा येते. कोकणात जुन्या लोकांचा सोपा हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. म्हणजे चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, रात्री ३ आणि दुपारी ३ च्या सुमाराला पूर्ण भरती, आणि त्यापासून सहा तासांवर, ९ वाजता, ओहोटी. अष्टमीला आठ पाऊण सहा. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरायचे, म्हणजे सव्वाअकरा-बाराच्या दरम्यान. वद्य पक्षात प्रतिपदेपासून परत एकपासून मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं पण स्केचिंगला एवढं पुरतं. तिथी घरातल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत असतेच.

आता बघा काय होतं. तुम्ही रोज सकाळी ७ ला त्याच जागी बसलात, आणि पौर्णिमेला सुरुवात केलीत. त्या दिवशी सातला पाणी लांब आत गेलेलं असेल, खडक उघडे, ओली वाळू चकचकीत, पौर्णिमेचं उधाण असल्यामुळे ओहोटीही खोल. दुसऱ्या दिवशी सातला पाणी तुम्हाला थोडं आणखी लांब दिसेल कारण ओहोटीची वेळ पुढे सरकली. पुढे दोन-तीन दिवस पाणी सातला ओसरतानाच सापडेल, दर दिवशी आदल्या दिवसापेक्षा वर, आणि अष्टमीपर्यंत सातच्या सुमाराला भरती नुकतीच होऊन गेलेली, पौर्णिमेला जिथे माणसं चालत होती तिथे पाणी. अष्टमीच्या आसपास भांग असते, म्हणजे भरतीही मोठी नाही आणि ओहोटीही मोठी नाही, त्यामुळे पाण्याचा स्वभावच मवाळ झालेला दिसतो. आठ दिवसांत, जागा न सोडता, घड्याळ न बदलता, तुम्हाला इतके वेगवेगळे किनारे मिळाले. म्हणून शक्यतो पौर्णिमा किंवा अमावास्येच्या सुमाराला पोचेल असं बुकिंग करा.

सकाळचीच वेळ का, तर दोन कारणं. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा असतो, तो हलका, पाणी शांत, पान उडत नाही. दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटतो तो संध्याकाळपर्यंत. दुसरं म्हणजे सकाळी सूर्य तुमच्या पाठीमागे सह्याद्रीच्या बाजूला, त्यामुळे समोरचा किल्ला, होड्या सगळं उजेडात, रंग कळतात. दुपारनंतर ऊन पाण्यावरून थेट डोळ्यात येतं आणि सगळ्या वस्तू काळ्या ठिपक्यांसारख्या होतात. तीही चित्रं सुंदर होतात, पण ती जादाची धरा, रोजची नव्हे.

पहिला दिवस

पहिल्या दिवशी चित्र काढूच नका, फिरा. सकाळच्या उन्हात कुठे सावली पडते ते बघा, सुरूच्या झाडाखाली, देवळाच्या पायरीवर, गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या आडोशाला. पाठीला टेकायला काहीतरी हवं, नाहीतर अर्ध्या तासात कंबर बोलायला लागते. जिथे जाळी वाळत घालतात किंवा होडी ओढतात त्या वाटेत बसायचं नाही. बंदराजवळ बसणार असाल तर तिथल्या माणसांना विचारा, "मावशी, इथे बसून चित्र काढलं तर चालेल ना? मध्ये नाही ना येत?" एवढं विचारलं की पुढचे आठ दिवस ती जागा तुमची होते, कोणी ना कोणी ओळख दाखवतं, चहाही देतं.

रोजची बैठक

अंदाजे चाळीस मिनिटं. जास्त नको. फोन एअरप्लेन मोडवर, आणि चित्र पूर्ण झाल्याशिवाय फोटो काढायचा नाही कारण एकदा फोटो काढला की मेंदू बघायचं थांबवतो.

बसलात की पाच मिनिटं नुसतं बघा. मग एका पानावर काडेपेटीएवढ्या तीन चौकटी आखा आणि प्रत्येकीत दोन-दोन मिनिटांत फक्त मोठे आकार टाका, आकाश केवढं, पाणी केवढं, वाळू केवढी, किल्ला कुठे. त्यातली एक निवडून पंचवीस मिनिटं पूर्ण पानावर. शेवटची पाच मिनिटं लिहायला.

क्षितिजाबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या, हे कळलं की निम्मे प्रश्न सुटतात. क्षितिज नेहमी तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर असतं. तुम्ही उभे असाल तर सपाट पुळणीवर तुमच्याच उंचीची जेवढी माणसं उभी असतील, जवळची असोत की पार लांबची, सगळ्यांची डोकी क्षितिजाच्या रेषेजवळ येतात, फक्त पाय वर-खाली होतात. खाली बसलात की क्षितिज तुमच्याबरोबर खाली येतं आणि त्याच माणसांची डोकी आकाशात जातात. मुरुडच्या पुळणीवर उभं राहून आणि मग बसून एकदा बघाच. म्हणून कागदावर पहिली रेषा क्षितिजाची, अगदी आडवी, वहीच्या कडेशी समांतर, मग त्याच्या हिशोबाने बाकीचं. आणि ती रेषा पानाच्या बरोबर मध्यावर नको, आकाशात ढग चांगले असतील तर खाली, वाळूवर काही घडत असेल तर वर.

लिहायचं काय, तर तारीख, तिथी, वेळ, भरती की ओहोटी, वारा कुठून, आणि एखादी ओळ. इंग्लंडमधला चित्रकार जॉन कॉन्स्टेबल याने १८२१-२२ मध्ये हॅम्पस्टेडला ढगांची छोटी छोटी चित्रं केली आणि त्यातल्या बऱ्याच चित्रांच्या मागे दिवस, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहून ठेवली. आपल्याकडे चित्रकार प्रभाकर बरवे, जन्म १९३६ चा, अलिबागजवळच्या नागावचा, त्यांनी वर्षानुवर्षं डायऱ्या लिहिल्या, त्यात शब्द आणि रेखाटनं शेजारीशेजारी आहेत. ही मोठी माणसं, पण त्यांची ही सवय कुठल्याही नवख्या माणसाला पहिल्या दिवसापासून उचलता येते. मला तर वाटतं की रोजच्या सरावात चित्राएवढीच ती खालची ओळ जपायला हवी.

होडी कशी बसवायची

होडी सगळ्यांना सोपी वाटते आणि कागदावर आली की केळ्यासारखी दिसते. युक्ती अशी की वरच्या काठाचा आकार काढताना आधी इंग्रजी आठचा आकडा आडवा, जरा ताणलेला काढायचा. त्याचं एक पोट म्हणजे नाळेकडचा (होडीच्या पुढच्या टोकाकडचा) भाग, दुसरं मागचा. जवळचा काठ आठच्या कमरेतून वाकत जातो आणि लांबचा काठ त्याच्या पलीकडून, मग नाळेचा उंचवटा आपोआप येतो. त्यानंतर नाळेपासून खाली पाण्यापर्यंतची रेषा. फळ्यांच्या रेषा सगळ्या नाळेकडे जवळ येत जातात, त्या दोन-तीनच दाखवायच्या. आंजर्ल्याच्या खाडीत ओहोटीला होड्या चिखलात एका कुशीवर कलंडलेल्या असतात, तेव्हा सगळ्यात आधी एकच तिरकी रेषा काढा, डोलकाठी किती कललीये तिची. ती बरोबर आली की बाकीची होडी तिच्यावर बसते.

लाट आणि वाळू

एकच लाट पकडायला जाऊ नका, ती सापडत नाही. मुरुडसारख्या सपाट पुळणीवर लाटा माथ्यावरून हळूहळू फुटत येतात. दहा लाटा बघा आणि प्रत्येकीत एकाच क्षणाकडे लक्ष द्या, म्हणजे माथा फुटायला लागतो तो क्षण. फेसाच्या खाली जी गडद पट्टी असते ती सगळ्यात महत्त्वाची, लोक पांढरा फेस काढत बसतात आणि ती पट्टी विसरतात, मग लाट उभीच राहत नाही. फेस म्हणजे कोरा कागद, तो काढायचाच नाही, त्याच्या आजूबाजूचं गडद भरायचं.

रंगाचं म्हणाल तर हर्णैचा समुद्र किनाऱ्याजवळ निळा नसतो. खाड्यांचा गाळ येतो त्यामुळे करडा-हिरवट, कधी मातकट. अल्ट्रामरीनमध्ये (गडद निळा) बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळलं की जो राखी रंग येतो तो इथे खूप उपयोगी पडतो, आणि तेच बर्न्ट सिएना जरा दाट घेतलं की जांभ्याचा चिरा. दोन रंगांत आठवडा निघतो.

ओहोटीला ओल्या वाळूवर लहान खेकड्यांनी केलेल्या गोळ्या बघा. मोहरीपासून ज्वारीएवढ्या, बिळापासून सगळीकडे ओळींनी पसरलेल्या, मध्ये खेकड्याला ये-जा करायला मोकळी वाट ठेवलेली. खेकडा वाळूतलं खाणं काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून टाकतो. जवळ बसून एक हातभर तुकडा पेनने नुसता ठिपक्यांनी काढा, भरती आली की सगळं पुसून जातं आणि पुढच्या ओहोटीला नवीन नक्षी तयार. हात बसायला याच्यासारखा व्यायाम नाही.

माणसं

हर्णैला बंदरावर माशांचा लिलाव होतो, संध्याकाळचा जास्त गजबजलेला. तिथे पहिल्याच दिवशी वही काढू नका, आधी एक दिवस नुसते उभे राहून या. मग कडेला उभं राहून दहा-दहा सेकंदांची चित्रं, चेहरा नको, फक्त पाठ, डोक्यावरची पाटी, वाकलेली कंबर. कोणाचा चेहरा काढायचा असेल तर विचारून. पोरं जमतातच, त्यांना दोन कोरे कागद आणि पेन्सिल देऊन टाका, ती शेजारी बसून काढतात आणि तुम्हालाही सोबत होते.

कंटाळ्याचा दिवस

तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी तो येतोच. एकटेपणाची नवलाई संपलेली असते, काढलेलं सगळं वाईट दिसायला लागतं आणि घरी फोन करावासा वाटतो. फोन करा, त्यात काही बिघडत नाही. पण त्या दिवशीही त्याच जागी सातला जाऊन बसायचं आणि फक्त त्या तीन काडेपेट्यांच्या चौकटी भरून उठायचं, सहा मिनिटं. मोठं चित्र माफ. तारीख आणि ओळ मात्र लिहायची. आधीची पानं उलटून बघायची नाहीत, आणि कोणाला पाठवायची तर अजिबात नाहीत, लोक प्रेमाने काहीतरी बोलतात आणि दुसऱ्या दिवशी आपण त्यांच्यासाठी काढायला लागतो.

अशा दिवशी उरलेला वेळ घरातच घालवा. जिथे राहताय त्या घरच्या काकूंनी बाजारातून बांगडे आणले तर साफ करायच्या आधी एक दहा मिनिटं मागून घ्या. ताज्या बांगड्याच्या पाठीवर लांबट काळपट रेषा असतात, मधे सोनेरी झाक, आणि कल्ल्यामागच्या पराजवळ एक काळा ठिपका. ती सोनेरी झाक बघता बघता उतरते, म्हणून रंग आधी आणि रेषा नंतर. विळी, रहाट, शिंकाळं, मंगलोरी कौलांच्या ओळी, जांभ्याच्या चिऱ्यावरची भोकं, एकटं राहण्यातला हा मोठा फायदा आहे की अर्धा तास एका विळीकडे बघत बसलात तरी कोणी काय झालं म्हणून विचारत नाही.

सांभाळायचं

एकटे आहात म्हणून हे नक्की करा. कुठे बसणार आणि कधी परत येणार हे रोज सकाळी घरातल्या काका-काकूंना सांगून निघा. खडकांवर बसायचं तर ओहोटी लागल्यावर जा आणि भरती लागायच्या आधी उठा, पाणी समोरून येताना दिसतं पण मागच्या खोलगट जागेतून आधीच भरलेलं असतं, आणि चित्रात डोकं असताना ते कळत नाही. फोनमध्ये ओहोटी संपायच्या वेळेचा गजर लावा. टोपी घाला आणि वही सावलीत धरा, उन्हात पांढरा कागद डोळ्याला त्रास देतो आणि रंग सगळे फिके लागतात. रंगवताना गॉगल काढायचा.

सूर्यास्ताला बसणार असाल तर किल्ला, क्षितिज, ढगांच्या कडा हे सगळं आधी पेन्सिलने करून ठेवा. सूर्याचा गोळा क्षितिजाला टेकला की सव्वादोन-अडीच मिनिटांत पूर्ण जातो. तेवढ्यात फक्त रंग लावता येतो. टॉर्च बरोबर ठेवा, पाखाडीवर (दगडी पायवाटेवर) संध्याकाळी लवकर अंधार होतो.

निघायच्या आदल्या दिवशी

आता वही उघडा आणि सकाळी सातची सगळी पानं ओळीने बघा. पाण्याची कड पानापानाला कशी सरकलीये ते दिसेल. क्षितिज कुठल्या दिवशी तिरकं झालंय, किल्ला कधी मोठा आणि कधी लहान आलाय तेही दिसेल, त्यावर पेन्सिलने बाजूला टीप करा, खोडून दुरुस्त करू नका. पानं फाडून वेगळी करू नका.

घरी पोचल्यावर वही दोन दिवस पंख्याखाली उघडी उभी ठेवा, मगच कपाटात. ६बीची पानं एकमेकांना घासून काळी होतात, तर मध्ये बटर पेपर घाला किंवा फिक्सेटिव्हचा (पेन्सिल पुसू नये म्हणून मारायचा स्प्रे) हलका फवारा मारा, तो खिडकी उघडून आणि एक हात लांबून मारायचा. रंगाची डबी गोड्या पाण्याने पुसून उघडीच सुकवा, आणि पेन्सिली-शार्पनर त्याच वहीच्या शेजारी, हाताला लागतील असे ठेवा.